पहिला फोटो ज्याचा

आमच्या बोन्सायच्या ग्रुपवर कुणी कुणाला वाईट बोलत नाही. इतकी वर्षं मी तिथे आहे, पण एक शिवी वाचलेली नाही की एक चढा शब्द नाही. सकाळी कुणीतरी आपल्या कुंडीतल्या वडाचा फोटो टाकतं आणि खाली टाळ्या, फुलं, जोडलेले हात यांची रांग लागते. झाड भिकार असलं तर 'छान सुरुवात आहे' असं लिहायचं. फारच भिकार असलं तर 'तुमची चिकाटी दिसते' असं. आणि मरायला टेकलेलं असलं तर काहीच लिहायचं नाही, कारण विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये असा नियम आहे. इतकी सभ्य माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. केसानं गळा कापायचा झाला तर हे लोक आधी तो केस शाम्पूनं धुऊन घेतील.

हे नियम गिरगावातल्या एका निवृत्त वकिलांनी लिहिलेले आहेत. ग्रुप त्यांनीच काढला, सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणतात. जुनं मुंबईकर घराणं, वडिलोपार्जित इमारतीत सगळ्यात वरचा मजला आणि वर गच्ची. गच्चीत ओळीनं मांडलेली झाडं. ते बोलतात हळू, लिहितात शुद्ध, आणि प्रत्येक बाईला 'ताई' म्हणतात. तीस वर्षांच्या पोरीलाही ताई, पासष्टच्या बाईलाही ताई.

ज्यांना या छंदातलं काही ठाऊक नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. बोन्सायमध्ये खरी किंमत असते ती म्हाताऱ्या दिसणाऱ्या, जाडजूड खोडाला. तसं खोड कुंडीत करायचं तर माणसाचं आयुष्य जातं. पण मुंबईत त्यासाठी एक सोय आहे. जुन्या चाळींच्या भिंतींत, पाइपांच्या मागे, कठड्यांच्या भेगांत पाखरांच्या विष्ठेतून वड, पिंपळ, उंबर उगवतात. त्यांना माती नसते, वर रंगारी आला की छाटून जातो, त्यामुळे उंची वाढत नाही आणि खोड मात्र मनगटाएवढं होतं. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली की ती पाडायच्या आधी हे झाड भिंतीतून सोडवून न्यायचं. म्हणून जिथे जिथे घरं रिकामी करायच्या नोटिसा लागतात तिथे आमच्या ग्रुपचे डोळे लागलेले असतात. वर लोक भांडी बांधत असतात आणि खाली रस्त्यावर कुणीतरी मान वर करून त्यांच्या भिंतीचा फोटो काढत असतं.

पूर्वी माझगावला एका पिंपळावरून दोन मेंबर भांडले होते. ओढाताणीत पिंपळाचेच दोन तुकडे झाले. तेव्हा वकीलसाहेबांनी नियम केला : पहिला फोटो ज्याचा, झाड त्याचं. ग्रुपवर जागा सांगून ज्यानं पहिल्यांदा फोटो टाकला त्याची नोंद झाली, मग दुसऱ्यानं त्या झाडाला हात लावायचा नाही. आणि नोंद झालेल्या झाडाबद्दल, ज्याची नोंद त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सल्लाही द्यायचा नाही. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा सगळा रोखठोक मामला. ऐकायला तो फार न्यायाचा वाटतो.

आमचं घर लालबागला, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीच्या कठड्याबाहेर, आमच्या खोलीसमोर, एक उंबर होता. मी शाळेत जायच्या आधीपासून तो तिथे होता. आई तांदूळ धुतलेलं पाणी कठड्यावरून हात लांब करून त्याच्या बुंध्याशी ओतायची. दत्ताची तिची भक्ती जुनी, गावाकडून आलेली, त्यामुळे दर गुरुवारी भेगेत एक उदबत्ती आणि कठड्यावर दिवा. चाळीचा प्लंबर कितीदा तरी कुऱ्हाड घेऊन आला, मुळं पाइप फोडतात म्हणून. आईनं त्याला कधी जिना चढू दिला नाही. माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि ते घरात बसले, तेव्हा ते दिसेल त्यावर ओरडायचे, तेही तिनं निमूट ऐकून घेतलं. नवऱ्यासाठी जी बाई कधी कुणाशी भांडली नाही ती त्या उंबरासाठी अख्ख्या चाळीशी भांडली.

चाळीचा करार झाला तेव्हा वडील नव्हते. लोक नव्या इमारतीत मजला कितवा, खिडकी कुठल्या बाजूला, यावर रात्रंदिवस वाद घालत होते. आईला मी विचारलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, "माका काय नको. उंबर तेवढो वांगडा येऊक व्हयो." आम्हाला तोपर्यंत शिवडीला भाड्याच्या घरात राहायचं होतं. तिथे तिला उंबर सोबत हवा होता, आणि पुढे नव्या घरातही. बाकी तिनं कशाचा हट्ट धरला नाही.

मी परळच्या एका हॉस्पिटलात बिलिंगच्या खिडकीवर बसते. तिथे एक दादरच्या बाई त्यांच्या यजमानांच्या कामासाठी यायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, गप्पिष्ट. त्यांच्या मोबाइलवर कायम कुंडीतल्या झाडांचे फोटो. मी त्यांना उंबराचं सांगितलं, आणि त्यांनी आनंदानं मला ग्रुपमध्ये घेतलं. "सगळे एक्सपर्ट आहेत गं," त्या म्हणाल्या, "विचारशील ते सांगतील."

मी फोटो टाकला. लिहिलं, हा आमच्या घरचा उंबर, आईला सोबत न्यायचा आहे, भिंतीतून कसा काढावा आणि पुढे कसा जगवावा ते कृपया सांगा. मला वाटलं होतं की दहा जण दहा उपाय सांगतील.

वकीलसाहेबांनी उत्तरादाखल एक फोटो टाकला. तोच उंबर, पण खालून, रस्त्यावरून काढलेला, आदल्या वर्षीचा. त्यात कठड्यावरून लांब केलेला आईचा हात दिसत होता, आणि हातात तांब्या. खाली लिहिलं होतं : 'ताई, ग्रुपमध्ये स्वागत. आपल्या आईंनी झाडाची निगा फार छान राखली आहे. मात्र या झाडाची नोंद माझ्याकडून गेल्या वर्षीच झालेली आहे, हे नम्रपणे निदर्शनास आणतो.'

मी लिहिलं, अहो पण ते आमच्या भिंतीत आहे.

'भिंत आपलीच आहे, ताई. भिंतीत उगवलेलं झाड मात्र कुणाचंच नसतं. म्हणूनच तर नियम लागतो.'

त्याच्याखाली लोकांनी जोडलेले हात टाकले. ते त्यांच्यासाठी होते की माझ्यासाठी, हे मला कळलं नाही.

पुढच्या रविवारी वकीलसाहेब स्वतः घरी आले. सोबत ग्रुपमधली दोन धडधाकट माणसं होती, त्यांच्याकडे दोरखंड आणि छिन्न्या-हातोड्यांची पिशवी. भिंतीतली झाडं काढायचं काम हे दोघंच करतात. आईसाठी पेढे आणले होते. माझ्या आईपेक्षा त्यांचं वय फार तर चार-पाच वर्षांनी कमी असेल, पण ते तिला 'आजी' म्हणाले. आईनं चहा केला, लाडू दिले. त्यांनी समजावून सांगितलं की झाड योग्य हातांत पडेल, प्रदर्शनात मांडलं जाईल, खाली पाटीवर 'लालबाग' असं लिहिलेलं असेल.

आई म्हणाली, "देव आसा तो. देव कोण देता कोणाक?"

वकीलसाहेब उठले, गॅलरीत गेले, उंबराला नमस्कार केला आणि लाडू संपवला. जिन्यात मला म्हणाले, "आईंच्या भावनांचा मी आदर करतो. मी झाड नेणार नाही."

मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्या पाया पडणार होते.

"पण हक्क सोडला असं समजू नका," ते पुढे म्हणाले. "आज तुमच्यासाठी नियम मोडला तर उद्या प्रत्येक जण आई घेऊन येईल."

"मग साहेब, निदान तो काढायचा कसा तेवढं सांगा. आम्ही काढतो."

"ते योग्य होणार नाही, ताई. नोंद माझी आहे. मी दुसऱ्याला मार्गदर्शन केलं तर नोंदीला अर्थ काय राहिला?" ते हसले. अगदी मनापासून, शाळेतल्या मुलाला समजावताना हसतात तसं. मला त्यांना जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं. त्याऐवजी मी म्हणाले, सांभाळून उतरा, पायरी तुटलीय.

घर सोडायचा दिवस जवळ आला तसं मी पुन्हा ग्रुपवर विचारलं. हात जोडून विचारलं. कुणीतरी मला फक्त एवढं सांगा की काढल्यावर पहिले काही दिवस काय करायचं. आर्किटेक्ट, डॉक्टर, बँकेतले साहेब, सगळ्यांनी वाचलं. मोबाइलवर दिसतं ना कुणी कुणी वाचलं ते. कुणी उत्तर दिलं नाही. एकदाच कुणाचा तरी मेसेज आला, मी तो उघडेपर्यंत पुसला गेला. तिथे फक्त एवढंच उरलं की इथे एक मेसेज होता.

मी व्हिडिओ पाहिले. ते सगळे परदेशातले, बर्फातल्या झाडांचे. शेवटी नाक्यावरून एक गवंडी आणला. त्यानं चार विटा फोडल्या आणि बाकीचा उंबर दोन्ही हातांनी उपटला. मी मुळं नळाखाली धरून स्वच्छ धुतली, आपण मेथीची जुडी धुतो तशी. मसाल्याच्या दुकानातून गोणपाट आणून त्यात गुंडाळला आणि टेम्पोत आईच्या मांडीवर दिला. शिवडीच्या घरात खिडकीच्या ग्रिलमध्ये नवीकोरी मोठी कुंडी ठेवली होती. लाल माती भरली, वर शेणखत सढळ हातानं घातलं. ऊन चांगलं येतं अशी जागा मुद्दाम निवडली होती. पानं एकही तोडली नाही, म्हटलं पानं आहेत तर जीव आहे. आई सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची आणि गुरुवारी दुधाचे चार थेंब.

जे जे करू नये ते ते आम्ही केलं, आणि फार प्रेमानं केलं.

पानं लोंबली तेव्हा मी फोटो टाकला. पिवळी पडली तेव्हा टाकला. शेंडे काळे पडले तेव्हा टाकला. जोडलेले हात येत राहिले. मग बुंधा नखानं खरवडून पाहिला, तर आत हिरवं काही उरलं नव्हतं, तपकिरी भुसा होता. तोही फोटो टाकला. त्यावर मात्र ग्रुपला वाचा फुटली. मेलेल्या झाडाबद्दल दुःख व्यक्त करायला नियमाची आडकाठी नाही. इतकी फुलं आली, इतके रडके चेहरे आले की माणूस गेल्यावर येणार नाहीत. वकीलसाहेबांनी लिहिलं, 'वाईट वाटलं, ताई. उंबर सहसा मरत नाही. असो, अनुभव हाच गुरू.'

मी फोन गादीवर फेकला. आई ग्रिलपाशी उभी होती. ती रडली नाही. म्हणाली, "माझाच पाणी चुकला गो."

मी तिला सांगितलं की तुझं काही चुकलं नाही. पण ती मानायला तयार नव्हती. इतकी वर्षं भिंतीत जगलेलं झाड आपल्या घरात येऊन मेलं, तर चूक कुणाची, असा तिचा साधा हिशेब होता. कुंडीतली ती वाळकी काठी तिनं मला टाकू दिली नाही. गुरुवारी काठीपुढे दिवा लावत राहिली. मी एकदा नर्सरीतून उंबराचं छान रोप आणलं, तर तिनं हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, "ह्यो बाजारातलो. माका घरातलो व्हयो."

काही महिन्यांनी दादरच्या बाई मला फूलबाजारात भेटल्या. शेवंती निवडता निवडता म्हणाल्या, "तो पुसलेला मेसेज माझा होता हं. घाबरले गं मी. वकीलसाहेबांचा फोन आला असता."

"काय लिहिलं होतंत?"

"काही विशेष नाही. मुळांची माती धुऊ नका. पानं सगळी काढून टाका. प्लास्टिकच्या पिशवीत झाकून सावलीत ठेवा. खत घालू नका. नवी पानं फुटेपर्यंत हात लावू नका."

"एवढंच?"

"एवढंच. उंबर काय, तो दगडातही जगतो." आणि फुलवालीला म्हणाल्या, "ही अर्धा किलो दे."

एवढंसं बोलणं. एका दमात बोलून झालं. त्या चार ओळींपायी माझी आई स्वतःला खुनी समजत होती. मला त्या बाईचा राग येत होता, पण मी त्यांना शेवंतीसाठी पिशवी उघडून धरली. भांडायचं कुणाशी, हे मला आधी ठरवायचं होतं.

मी ग्रुप सोडला नाही. उलट असा अभ्यास केला की बारावीला केला नव्हता. विटांचा चुरा चाळायला शिकले, तारेनं फांदी वळवायला शिकले, शिवडीच्या पडक्या गोदामांतून दोन वड सोडवून जगवले. लोकांच्या भिकार झाडांना 'छान सुरुवात आहे' असं लिहायला शिकले. वकीलसाहेब माझ्या वडाखाली टाळ्या टाकायला लागले. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "ताईंसारखी जिद्द हवी." मी जोडलेले हात टाकले.

मग त्यांच्याच इमारतीचं रिडेव्हलपमेंट ठरलं. झाडं हलवायच्या आधी त्यांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. पोहे, कॉफी, झाडांची माहिती. त्यांचे हात तोवर थरथरायला लागले होते, कप बशीवर वाजायचा. सगळ्यात शेवटी त्यांनी आम्हाला कठड्यापाशी नेलं आणि खाली वाकून पाहायला सांगितलं. कठड्याबाहेर, पन्हळीच्या तोंडाशी, एक उंबर होता. काय सांगू! बुंधा मांडीएवढा, मुळं भिंतीवरून उतरून पुन्हा भिंतीत शिरलेली. आमच्यापेक्षा दुप्पट म्हातारा.

"माझ्या वडिलांच्या वेळचा," ते म्हणाले. "आयुष्यभर नुसता छाटत आलो. बाकीची झाडं मुलं विकतील, नाहीतर वाटतील. हा एकटा माझ्यासोबत शीवला येणार, मुलाच्या घरी. घर रिकामं करायच्या दिवशी काढू. तोवर जितका जाड होईल तितका होऊ दे." आणि त्या दोन धडधाकट माणसांकडे पाहून म्हणाले, "माझ्यानं आता छिन्नी धरवत नाही. हेच काढतील."

मी विचारलं, "साहेब, फार सुंदर. ग्रुपवर पाहिल्याचं आठवत नाही कधी."

ते हसले. "स्वतःच्या घरातल्या झाडाचा फोटो कशाला टाकायचा, ताई?"

खरंच. मलाही एकदा असंच वाटलं होतं.

मी कॉफी संपवली, कप विसळून ठेवला, सगळ्यांचा निरोप घेतला आणि खाली उतरले. समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. उंबर रस्त्यावरून स्वच्छ दिसत होता. पण मी लगेच फोटो काढला नाही, वाट पाहत राहिले. पाहुणे गेल्यावर ते झारी घेऊन कठड्यापाशी आले आणि त्यांनी थरथरता हात बाहेर काढला. तेव्हा मी फोटो काढला. जागा लिहिली, तारीख लिहिली आणि ग्रुपवर टाकला.

मग एक जोडलेले हात आले. मग दुसरे. सभ्य माणसं कुठल्याही बाजूला सारखीच सभ्य असतात, हे त्यांचं कौतुक करायला हवं. शेवटी वकीलसाहेबांनी लिहिलं, 'अभिनंदन, ताई. नियम म्हणजे नियम.' दुसरं ते काय लिहिणार? नियम त्यांचा, ग्रुप त्यांचा, आणि माझ्या वेळचा निवाडा सगळ्यांनी वाचलेला होता. ती दोन माणसं दुसऱ्याच्या नोंदीला हात लावणार नव्हती. साहेबांनीच त्यांना तसं वळण लावलं होतं.

त्या दिवशी मी घरी आले ती अक्षरशः उड्या मारत. आईला सांगितलं, "त्या वकिलाच्या घरातला उंबर आता माझा झाला."

आईनं विचारलं, "घरातलो?"

"हो. त्याच्या बापाच्या वेळचा."

"बरा," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मला वाटलं होतं की ती आणखी काहीतरी विचारेल.

सगळ्यांना वाटलं की मी चार दिवस मिरवीन आणि मोठ्या मनानं हक्क सोडीन. दादरच्या बाईंनी हॉस्पिटलात माझ्या खिडकीवर येऊन सांगितलं, "सोड गं आता, म्हातारा माणूस आहे." मी म्हणाले, त्यांच्या भावनांचा मला आदर आहे, पण हक्क सोडला असं समजू नका. त्यांना ते वाक्य कुठलं ते माहीत नव्हतं. मी ते पाठ करून ठेवलं होतं.

मग एके संध्याकाळी वकीलसाहेबांचा स्वतःचा फोन आला. मेंबरनं मेंबरला परस्पर फोन करून झाडाबद्दल बोलू नये, हाही त्यांचाच नियम.

"ताई," ते म्हणाले, "झाड तुमचंच राहू दे. मी मागत नाही. फक्त वेळेवर काढून न्या. गवंडी बोलावला तर तो मुळावरच घाव घालेल. त्या दोघांना मी सांगितलंय, तुम्ही असाल तर ते येतील." मग ते सांगत सुटले. कुठली वीट आधी फोडायची, पन्हळीच्या आत मूळ कुठे वळलंय, दोर कुठे बांधायचा. "आणि काढल्यावर मुळांची माती धुऊ नका हं. पानं सगळी काढून टाका. प्लास्टिकची पिशवी घाला, सावलीत ठेवा. खत अजिबात नको. नवी पानं फुटेपर्यंत हात लावायचा नाही. एवढं केलंत की मरत नाही तो, ताई. उंबर सहसा मरत नाही."

मी सगळं ऐकून घेतलं. न मागता, न थांबता, सगळी विद्या ओतत होते माझ्या कानात. हेच त्यांना आमच्या जिन्यात सांगता आलं असतं, लाडवाचा हात पुसता पुसता. मला दया आली का? नाही आली. खोटं कशाला लिहू? मला इतका गोड आनंद झाला की मी खुर्चीत बसून घेतलं.

"धन्यवाद, साहेब," मी म्हणाले.

"कधी येताय?"

"बघते."

नंतर त्यांचे मेसेज यायचे. 'ताई, जमेल का या आठवड्यात?' मी जोडलेले हात पाठवायची. 'ताई, आम्ही शनिवारी निघतोय.' जोडलेले हात. 'ताई, चावी वॉचमनकडे ठेवली आहे.' त्यालाही तेच. त्यांचा एक शब्द शेवटपर्यंत वाकडा गेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा तो पीळ होता.

मी गेले ती इमारत पाडायला घेतली त्या दिवशी, सकाळी आईला 'वकिलाच्या इमारतीकडे जाऊन येते' एवढंच सांगून. त्याच फुटपाथवर, त्याच जागी उभी राहिले. आधी गच्चीचाच कठडा पाडला. उंबर पानांनी भरलेला होता, हिरवागार, आणि तो विटांसकट, पन्हळीसकट एकाच झटक्यात खाली आला. धुळीत काही दिसेना. धूळ बसली तेव्हा ढिगाऱ्यातून एक फांदी वर आली होती, पानं अजून ताजी. मी तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, 'वाईट वाटलं, साहेब. असो.'

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून चक्क गुणगुणत होते.

शिवडीला दार उघडलं तर चौकटीपाशीच कुंडी. ती मोठी कुंडी. आईनं ती नारळाच्या शेंडीनं घासून लख्ख केली होती, इतकी की दुकानातून आणली तेव्हाही तशी नव्हती. तळाला विटांचे तुकडे नीट पसरले होते, माझं पाहून पाहून शिकली असणार. शेणखत नव्हतं. बाजूला एक नवी प्लास्टिकची पिशवी घडी करून ठेवलेली. वाळकी काठी कुठे दिसेना.

"हाडलंस काय गो?" आतून आईनं विचारलं. पदराला हात पुसत बाहेर आली, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, माझ्या मागे जिन्यात पाहिलं. कुणी उचलून आणत असेल म्हणून.

त्या वकिलाचं मला आजही काही वाटत नाही. पण तिथे, दारात, मला पहिल्यांदा कळलं की मी आईला जिंकल्याचं सांगितलं होतं, आणि तिनं झाड येणार असं ऐकलं होतं.

"नाही दिला त्यांनी," मी म्हणाले.

आईनं कुंडीकडे पाहिलं. तिला राग आला नाही. "बरोबर आसा तेंचा," ती म्हणाली. "देव कोण देता कोणाक?"

मग खाली बसली आणि विटांचे तुकडे एकेक करून पिशवीत भरायला लागली. मी विचारलं, काठी कुठाय? म्हणाली, नव्यासाठी जागा केली, सकाळीच कचऱ्यात दिली. कचऱ्याची गाडी केव्हाच गेली होती. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.